झाकली टाकी

एप्रिल. खाडीतला बर्फ फुटलाय,
सावलीतला मात्र अजून काळपट, हटवादी.
'मारी-ब्लांश' शेडमध्ये लाकडी घोड्यांवर चढवलेली
आणि तिच्या पोटातून तो वास,
गोडसर, शिळा,
वार्निशच्या विसरलेल्या डब्यासारखा.

दोन उन्हाळे मी म्हणत राहिले, नळीचा असेल.
नळी बदलली. मग क्लिपा. मग भरायच्या तोंडाचं रबर.
पंखा पाच मिनिटं चालवायचा,
वाकून तळाशी हुंगायचं, मगच किल्ली.
भाची सेफोरा म्हणायची,
"मावशी, इंजिन सुरू करतेस की प्रार्थना?"
कुठंतरी पाणी मुरत होतं.
पाणी कसलं, पेट्रोल.

शेवटी अल्फे सुरेतला बोलावलं.
वय शहात्तर, गुडघे त्याहून थोरले.
एक्क्याऐंशी साली ही होडी त्यानंच बांधली, माझ्या काकासाठी:
आधी टाकी, मग टाकीभोवती ओतलेला फेस,
मग वर डेक, डेकवर फायबरची कातडी,
शिवण कुठं ते कळू नये अशी.
"तेव्हा वाटलं," तो म्हणाला, "होडी मरेल, टाकी नाही."

उरलेलं पेट्रोल हातपंपानं उपसलं.
कोऱ्या चहाचा रंग, खाली गाळ.
मग त्यानं कोरडा बर्फ फोडून आत सोडला,
पांढरा धूर टाकीत जड होऊन बसला.
"ठिणगीला खायला काही उरू नये."
अख्खी दुपार आम्ही बादल्या पालथ्या घालून बसलो,
कॉफी घेत, सिगारेट न ओढता.
त्याला हे दुसरं जास्त जड गेलं.

दुसऱ्या दिवशी, हवेवर चालणारी करवत.
पेन्सिलीची रेघ मारून तो थांबला.
आपणच घातलेली शिवण उसवायची
तर हात आधी विचारतो.

डेकचा तुकडा दारासारखा निघाला.
खाली फेस, दुधात बुडवलेल्या पावासारखा.
पिळला तर खारं पाणी.
दोन दिवस खरवडत होतो.
टाकी सुटली तेव्हा आवाज झाला,
चिखलातून बूट निघावा तसा.

उलटी केली.
बुडाला, टेकू म्हणून, गालिच्याच्या दोन पट्ट्या.
नारिंगी, लांब केसांचा गालिचा.
नेमकं त्या दोन रेघांत ॲल्युमिनियम खाल्लेलं,
पांढरी भुकटी, भुकटीखाली
टाचणीच्या डोक्याएवढी भोकं,
देवीच्या व्रणांसारखी.

अल्फे बराच वेळ गप्प.
मग, "माझ्या सासूच्या दिवाणखान्यातला.
रबर संपलं होतं. शनिवार होता.
तुझा काका म्हणाला, थांबू सोमवारपर्यंत.
मी म्हटलं, कोण बघणार आहे."

चव्वेचाळीस वर्षं कुणी बघितलं नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची.
झाकली टाकी?
मी मनात मांडत गेले: एकशेवीस लिटर,
दोन उन्हाळे, मागच्या बाकावर सेफोराची पोरं,
आणि किल्ली.
तोंड उघडलं रागवायला
तर हा एका गुडघ्यावर, पट्टी नखानं सोलत,
जुनं बँडेज सोडवावं तसा.
"रंग बघ," म्हणाला. "अजून गेला नाही."

नवी टाकी यारमथहून आली.
खाली काळं रबर, चिकटवलेलं, कडेनं पाण्याला वाट.
सायकलच्या पंपानं हवा भरली,
सांध्यासांध्यावर साबणाचं पाणी फासून
बुडबुड्याची वाट पाहिली.
आला नाही.

मी फायबरचं कापड कापायला घेतलं, त्यानं मनगट धरलं.
"नको. ह्या वेळी झाकण. सोळा स्क्रू."
"दिसेल की. पायाला लागेल."
"लागू दे.
पुढं जो कुणी येईल त्याला
माझं काम बघायला करवत लागू नये."

जूनमध्ये पाण्यात उतरवली.
पंखा, पाच मिनिटं.
वाकले, हुंगलं: ताजा रंग, रबर, थोडी खाडी.
सोळातला एक स्क्रू जरा वर आलाय,
दर वेळी अंगठ्याला लागतो.
अजून पिळला नाही.